छोट्या सर्व्हिस बिझनेसमध्ये नवीन आयडिया जगते कशी आणि मरते कुठे

एखाद्या क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसणारी मुलगी घ्या. दिवसातून पंधरा-वीस वेळा तिला फोनवर एकच प्रश्न येतो, रिपोर्ट आला का. ती दर वेळी उठते, आत जाते, ट्रे चाळते, परत येते आणि सांगते, नाही आला अजून, उद्या करा फोन. दुसऱ्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलेलं असतं की रिपोर्ट आल्या आल्या आपणच मेसेज टाकला तर यातले बरेच फोन येणारच नाहीत. आणि महिनाभरात हेही लक्षात येतं, की लोकांना रिपोर्ट नुसता नकोय, कुणीतरी पाच मिनिटं बसून तो समजावून सांगायला हवाय, आणि त्याचे वेगळे पैसे द्यायलाही काहीजण तयार आहेत. डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नसतं कारण फोन ते उचलतच नाहीत. रिसेप्शन ते केबिन अंतर असतं दहा पावलांचं. ती आयडिया हे अंतर पार करते का, आणि नाही करत तर का नाही, एवढाच आपला विषय आहे. त्याला नाव मात्र भारदस्त आहे, संस्थांतर्गत उद्योजकता वगैरे, त्याला घाबरू नका.

उद्योजकता म्हटलं की आपल्याला धंदा सुरू करणारा माणूसच आठवतो, धडाडीचा, झोप न लागणारा, जोखीम घेणारा. बरीच वर्षं अभ्यासकही असंच बघायचे, म्हणजे माणसाचा स्वभाव तपासायचा. १९८३ मध्ये डॅनी मिलर यांनी प्रश्न जरा फिरवला, त्यांनी माणूस सोडून अख्ख्या फर्मकडे बघितलं आणि विचारलं की एखादी फर्मच उद्योजक वृत्तीची असते म्हणजे तिच्यात काय काय असतं. त्यांचं उत्तर तीन गोष्टींचं: ती नवीन काही काढते, त्यासाठी जोखीम घेते, आणि दुसऱ्यांच्या आधी हालचाल करते. पुढे १९९६ मध्ये लंपकिन आणि डेस यांनी त्यात आणखी दोन टाकल्या, लोकांना मिळणारी मोकळीक आणि स्पर्धकाला भिडायची तयारी. यातली मोकळीक लक्षात ठेवा, तिच्यावर पुन्हा यायचंय. मुद्दा असा की मालक कितीही धडाडीचा असला तरी फर्म ठोंब्यासारखी असू शकते, आणि उलटही, मालक अगदी शांत, मितभाषी, पण त्याच्या हाताखालची चार माणसं सतत काहीतरी नवीन करून बघतायत असंही असतं.

आता सर्व्हिस बिझनेसच वेगळा का काढायचा? कारण वस्तू बनवणाऱ्या कंपनीत नवीन गोष्ट शोधायला वेगळा विभाग असतो, प्रयोगशाळा असते, तिथे बिघडलं तर बिघडलेला नमुना कचऱ्यात जातो, गिऱ्हाईकाला पत्ताही लागत नाही. सर्व्हिसमध्ये माल बनतो आणि वापरला जातो तो एकाच वेळी, गिऱ्हाईकासमोरच, त्याला साठवून ठेवता येत नाही. सलूनमधली सकाळी अकराची खुर्ची रिकामी गेली ती गेलीच, ती संध्याकाळी विकता येत नाही. त्यामुळे नवीन काय हवंय हे कळतं ते फक्त गिऱ्हाईकासमोर उभ्या असलेल्या माणसाला. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख यान कार्लसन यांनी १९८० च्या दशकात याचा एक हिशोब मांडला होता, वर्षाला साधारण एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ कंपनीच्या जवळपास पाच माणसांशी, दर वेळी सरासरी पंधरा सेकंद. म्हणजे वर्षाला पाच कोटी वेळा कंपनी गिऱ्हाईकाच्या मनात बनते किंवा बिघडते, आणि त्यातल्या बहुतेक वेळी तिथे कुणी साहेब नसतोच. ही तर मोठी एअरलाइन झाली. चार माणसांच्या ऑफिसात आकडे छोटे होतात, गणित तेच राहतं.

याचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. फायदा म्हणजे करून बघणं स्वस्त, साचा बनवायचा नाही, मशीन घ्यायचं नाही, उद्या सकाळपासून वेगळं काहीतरी करून बघता येतं. तोटा म्हणजे प्रयोग होतो तो खऱ्या गिऱ्हाईकावर. आणि दुसरा तोटा जो लोक विसरतात, सर्व्हिसमधली आयडिया चोरायला फार सोपी, समोरचा येऊन बघून जातो आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याकडेही तेच. म्हणून माझं म्हणणं असं की सर्व्हिसमध्ये एका भन्नाट आयडियाला फारशी किंमत नाही, किंमत आहे ती अशा आयडिया एकामागून एक येत राहतील अशा व्यवस्थेला, कारण आयडिया उचलता येते, व्यवस्था उचलता येत नाही.

इथे लोक म्हणतात की अरे पण छोट्या धंद्यात कसली व्यवस्था, चार माणसं, सगळे एका खोलीत, मोकळंढाकळंच असतं सगळं. अजिबात नाही. १९६१ मध्ये बर्न्स आणि स्टॉकर यांनी ब्रिटनमधल्या कंपन्या बघून दोन प्रकार सांगितले होते, एक यंत्रासारखी संस्था, ज्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं, हुकूम वरून खाली, आणि दुसरी सजीवासारखी, ज्यात कामं गरजेप्रमाणे हलतात आणि माहिती आडवी-उभी कुठूनही कुठेही जाते. बदल भराभर होत असतील तिथे दुसरा प्रकार तगतो असं त्यांचं म्हणणं. आता छोटा सर्व्हिस बिझनेस वरवर बघितला तर सजीव प्रकारातला वाटतो, ना पदं, ना फाइली. पण आत जाऊन बघा, सगळ्या वाटा एकाच माणसाकडे जातात. रेट काय लावायचा, विचारा सरांना. गिऱ्हाईकाला थोडं लवकर द्यायचंय, विचारा सरांना. पेन संपलंय, सरांना. कागदावर कुणी कुणाचा बॉस नाही आणि प्रत्यक्षात एकच बॉस, तोही दिवसभर स्वतः गिऱ्हाईकांत अडकलेला, कारण बहुतेक वेळा तोच त्या कामातला सगळ्यात हुशार कारागीर असतो, सगळ्यात चांगला केस कापणारा, सगळ्यात चांगला अकाउंटंट. एडिथ पेनरोझ यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं की फर्म किती वेगाने वाढेल याची मर्यादा बऱ्याचदा तिला चालवणाऱ्यांना धंद्यात लक्ष घालायला किती वेळ आहे यावर ठरते. छोट्या धंद्यात हे चालवणारे म्हणजे एकच जण, मग काय होणार ते सांगायला नको. "सरांना विचारून सांगते" हे वाक्य ज्या ऑफिसात दिवसातून तीस वेळा ऐकू येतं तिथे नवीन काही होईल याची आशाच सोडा.

मग व्यवस्थेत नक्की काय असावं? याचं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं उत्तर हॉर्न्सबी, कुरात्को आणि झाहरा यांचं, २००२ चं. त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या: वरच्यांचा पाठिंबा, कामातली मोकळीक, बक्षीस, वेळ, आणि संस्थेने आखलेल्या सीमा. त्यांचा अभ्यास मॅनेजर लोकांवरचा आहे, आणि छोट्या धंद्यात मधला मॅनेजर नावाचा प्राणीच नसतो, त्यामुळे हे जसंच्या तसं उचलू नये. पण पाची गोष्टी लागू होतात, फक्त त्यांचं वजन बदलतं. माझ्या मते छोट्या सर्व्हिस धंद्यात सगळ्यात दुर्लक्षित आहे तो वेळ आणि सगळ्यात डोक्यावर घेतलेलं आहे ते बक्षीस.

वेळेचं बघू. मालकाला वाटतं की सगळे जण सतत कामात दिसले पाहिजेत, अपॉइंटमेंट डायरी गच्च भरली म्हणजे धंदा मस्त. रांगांचं एक साधं गणित आहे. समजा एकच माणूस काम करतोय, गिऱ्हाईकं कधीही येतात, आणि कुणाच्या कामाला कमी वेळ लागतो कुणाच्या जास्त, सरासरी दहा मिनिटं. हा माणूस ८० टक्के वेळ बिझी असेल तर रांगेतलं सरासरी थांबणं चाळीस मिनिटं. ९० टक्के बिझी केलं की नव्वद मिनिटं. ९५ टक्के केलं की १९० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या वर! शेवटच्या पाच टक्क्यांत थांबणं दुपटीहून जास्त झालं. (हे सोप्या मॉडेलचे आकडे आहेत, अपॉइंटमेंटने कमी होतात, पण कल हाच राहतो.) तर माणसाला पूर्ण पिळून काढण्यात गिऱ्हाईकाचंही नुकसान आहे, आणि वर त्या माणसाला मान वर करून बघायची फुरसतच नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला मेसेजची आयडिया सुचली खरी, पण तो मेसेज कसा लिहायचा, कुणाचे नंबर चुकीचे आहेत, आठवडाभर करून बघितलं तर फोन किती कमी झाले, हे मोजायला तिला रोज अर्धा तास तरी हवा. तो नाही मिळाला तर आयडिया डोक्यातच राहते आणि सहा महिन्यांनी तीच मुलगी म्हणते, जाऊ दे ना, आपल्याला काय.

मोठ्या कंपन्यांचं उदाहरण द्यायचं तर थ्री एमचं सगळे देतात, कर्मचाऱ्यांना १५ टक्के वेळ स्वतःच्या आयडियावर घालवायची मुभा. तिथेच स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये एक नीट न चिकटणारा गोंद शोधला, १९७४ मध्ये आर्ट फ्राय यांना तो कागदी खुणेसाठी वापरायचं सुचलं आणि अमेरिकेच्या बाजारात पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून परत काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, सगळीकडे आल्या १९८० मध्ये. बारा वर्षं. एवढी वर्षं थांबायची ऐपत चार माणसांच्या ऑफिसची नसते, आणि चार माणसांचा १५ टक्के वेळ म्हणजे अर्ध्याहून जास्त माणूस, कुठून आणणार. पण सर्व्हिस धंद्याला एक गोष्ट फुकट मिळालेली असते, मंदीचे तास. प्रत्येक धंद्यात असतात, कुणाचे दुपारी, कुणाचे महिन्याच्या मधल्या आठवड्यात, कुणाचे सीझन संपल्यावर. बहुतेक ठिकाणी हा वेळ मोबाइल बघण्यात किंवा उगाच टेबलं पुसण्यात जातो, कारण रिकामं बसलेलं मालकाला दिसलं तर ओरडा बसतो. त्यातला ठरलेला एक तास, दर आठवड्याला, याच कामासाठी आणि तोही पगारी, एवढं जरी केलं तरी फरक पडतो. उलटं टोकही आहे बरं का, नोहरिया आणि गुलाटी यांना १९९६ मध्ये असं दिसलं की हाताशी शिल्लक असलेला वेळ आणि पैसा वाढेल तसं नवं काम आधी वाढतं पण एका हद्दीनंतर घटायला लागतं, फार सुस्ती आली की लोक काहीही करत बसतात. छोट्या धंद्याला या टोकाची काळजी करायची वेळ क्वचितच येते म्हणा.

मोकळीक आणि सीमा या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण त्या जोडीनेच चालतात. विहिरीला कठडा असेल तर पोरं कठड्याला चिकटून खेळतात, कठडा नसेल तर शहाणं पोर वीस हात लांब राहतं. कर्मचाऱ्याचं तेच होतं. "तू तुझ्या मनाने निर्णय घे रे" असं नुसतं म्हटलं की तो एकही निर्णय घेत नाही कारण कुठवर घेतला तर शिव्या बसतील हे त्याला माहीत नसतं. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत कुठलाही कर्मचारी कुणाला न विचारता एका गेस्टची अडचण सोडवायला २००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो, हे बरेचदा सांगितलं जातं, आणि ऐकणारे त्या आकड्यावरच हरखतात. खरी गंमत आकडा ठरलेला आहे यात आहे. तुमच्याकडे तो आकडा कितीही लहान असू दे, एका गिऱ्हाईकाच्या बिलाइतका असू दे, पण तो सगळ्यांना पाठ असू दे. पैशासोबत आणखी एक रेघ मारून ठेवावी लागते, उलटवता येणारं आणि न उलटवता येणारं. मेसेजचे शब्द बदलले आणि लोकांना नाही आवडले, उद्या परत बदलू. पण पेशंटची माहिती भलत्याकडे गेली, औषधाच्या डोसात कुणी हुशारी केली, क्लायंटचे पैसे इकडचे तिकडे झाले, तर तिथे परत फिरायला रस्ताच नाही. पहिल्या प्रकारात विचारायची गरज नाही, नंतर सांगितलं तरी चालेल. दुसऱ्या प्रकारात मोकळीक शून्य, आणि हे तोंडावर स्पष्ट सांगायचं. आणि जाता जाता, रोजचं काम कसं करायचं हे लिहून ठेवलं की क्रिएटिव्हिटी मरते असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, पाच जण एकच काम पाच पद्धतींनी करत असतील तर सहाव्या पद्धतीने काय सुधारलं हे कशाशी ताडून बघणार?

पाठिंबा या शब्दाचा छोट्या धंद्यात अर्थ अगदी शारीरिक आहे. मोठ्या कंपनीत धोरण कागदावर असतं, इथे मालकाच्या कपाळावरची आठी हेच धोरण. एकाने काहीतरी करून बघितलं, फसलं, मालक सगळ्यांसमोर हसला किंवा "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला" म्हणाला, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरलेल्या तिघांनी आपापल्या आयडिया गुंडाळून ठेवलेल्या असतात. एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास करताना एक विचित्र गोष्ट बघितली, ज्या टीम चांगल्या म्हणून पुढे आल्या त्यांच्याकडे चुकांची नोंद जास्त होती. म्हणजे त्या जास्त चुका करत होत्या का? तसं नव्हतं, तिथे चूक बोलून दाखवायची भीती कमी होती. बाकीच्या ठिकाणी चुका होत नव्हत्या असं नाही, त्या दाबल्या जात होत्या. यावरूनच पुढे १९९९ मध्ये टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची त्यांची मांडणी आली. तुमच्या ऑफिसात वर्षभरात एकही चूक कानावर आली नसेल तर खूश होण्याआधी जरा थांबा.

ओरडण्याइतकंच वाईट म्हणजे गप्प बसणं. सूचनापेटी लावायची आणि तीन महिने उघडायचीच नाही. आयडियाला नाही म्हणायला हरकत नाही, पण दोन दिवसांत म्हणावं आणि का ते सांगावं, कारण कारण कळलं तर पुढची आयडिया जास्त शहाणी येते. याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे आकडे. कुठलं काम नफ्याचं आहे, कुठल्या कामात आपण खिशातून घालतोय, किती गिऱ्हाईकं परत येतात, हे फक्त मालकाच्या डोक्यात असेल तर बाकीचे अंधारातच दगड मारणार, आणि मग मालक म्हणणार की यांच्या आयडिया बालिश असतात. पगार उघडे करा असं नाही म्हणत मी, पण एका तासाच्या कामाला आपल्याला काय खर्च येतो हे तरी सगळ्यांना माहीत असावं.

बक्षिसाबद्दल थोडक्यात सांगतो. १९७५ मध्ये स्टीव्हन कर यांनी एक लेख लिहिला होता, त्याचं म्हणणं एवढंच की लोक बक्षीस एका गोष्टीला देतात आणि आशा दुसऱ्याच गोष्टीची करतात. कमिशन द्यायचं दिवसाला किती गिऱ्हाईकं उरकली यावर, आणि तक्रार करायची की कुणी नवीन काही सुचवत नाही! सुचवेल कोण, ज्याला आपलं त्या दिवसाचं कमिशन बुडवायचंय तो. "बेस्ट आयडियाला रोख बक्षीस" हाही प्रकार मला छोट्या जागेत धोक्याचा वाटतो, कारण चार माणसांत आयडिया नक्की कुणाची यावरून जी भांडणं होतात ती बक्षिसापेक्षा महाग पडतात. त्यापेक्षा जिची आयडिया तिलाच ती चालवायला द्या, आणि गिऱ्हाईकासमोर तिचं नाव घ्या. हो, आणि प्रयोगादरम्यान कमिशन बुडू देऊ नका, मागच्या महिन्याइतकं धरून द्या.

एक गोष्ट या पाचांत थेट येत नाही पण छोट्या धंद्यांना मारते, ती म्हणजे बंद न करणं. सुरू करायला उत्साह असतो, बंद करायला कुणीच पुढे येत नाही, मग दोन गिऱ्हाईकांसाठी चालू ठेवलेल्या सात सर्व्हिस होतात आणि चारही माणसं त्यातच घुसमटतात. प्रयोग सुरू करतानाच कॅलेंडरवर तारीख टाका आणि लिहून ठेवा की त्या दिवशी काय दिसलं तर पुढे, काय नाही दिसलं तर बंद. आणि हो, प्रत्येकाने कायम उद्योजक वृत्तीनेच वागावं असंही नाही. कोविन आणि स्लेव्हिन यांनी १९८९ मध्ये १६१ छोट्या उत्पादक फर्म बघितल्या, परिस्थिती बिकट असेल तिथे धाडसी वृत्ती आणि सैल रचना असलेल्या फर्म चांगलं करत होत्या, पण बाजार निवांत असेल तिथे सावध, जरा जुन्या वळणाच्या फर्मही छान चालत होत्या. त्या फर्म वस्तू बनवणाऱ्या होत्या हे खरं, तरी मला हे सर्व्हिसलाही पटतं. गिऱ्हाईक बांधलेलं आहे, काम ठरीव आहे, तर उगाच दर महिन्याला सगळं हलवत बसू नये.

आता शेवटची आणि मालकांच्या मनातली खरी भीती, जी ते उघड बोलत नाहीत. एवढं सगळं शिकवलं, मोकळीक दिली, आकडे दाखवले, आणि हीच मुलगी उद्या स्वतःचं सुरू करून माझी गिऱ्हाईकं घेऊन गेली तर? सर्व्हिसमध्ये ही भीती खोटी नाही, कारण वेगळं व्हायला भांडवल लागतं ते एक टेबल आणि एक फोन, आणि गिऱ्हाईकाची ओळख फर्मशी कमी आणि माणसाशी जास्त असते. म्हणून बरेच जण मुद्दामच कुणाला सगळं कळू देत नाहीत. पण जी जाणार असते ती तरीही जाते, फक्त आयडिया तुम्हाला न सांगता जाते. राहायचं कारण द्यायचं असेल तर नवीन सर्व्हिसचा हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळ्या वहीत ठेवावा लागतो आणि त्यातला वाटा आधीच ठरवावा लागतो. रिपोर्ट समजावून सांगायची सर्व्हिस सुरू झाली, समजावायला कुणी तज्ज्ञ बसले, वेळा लावणं आणि लोकांशी बोलणं त्या मुलीकडे आलं, तर जे उरेल त्यातले किती टक्के तिचे आणि किती वर्षं, आणि ती मधेच सोडून गेली तर काय, हे सगळं पहिला पेशंट यायच्या आधी कागदावर यायला हवं. धंदा चालायला लागल्यावर ही बोलणी करायला बसलं की डॉक्टरांना वाटतं हिला आपण फार देतोय आणि तिला वाटतं सगळं तर मीच केलंय, आणि त्या टेबलावर दोघंही खरं बोलत असतात.